बाबांच्या बोटातला त्रिशूळ

आमच्या घरी पाहुणा आला की त्याला वाटायचं, इथं भांडण चाललंय. आई चहात साखर किती घालू हेसुद्धा ओरडून विचारायची आणि बाबा ओरडून सांगायचे. कोन गावात, कल्याणला जाणाऱ्या रस्त्याच्या आत आमच्या दोन खोल्या होत्या आणि पाठची भिंत लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्याला लागून होती. मांडणीवरची ताटं दिवसरात्र बारीक थरथरायची. आम्हाला तो आवाज ऐकूच यायचा नाही. ऐकू यायचं ते लाईट गेल्यावर. तेव्हा लोडशेडिंगचे दिवस होते. सगळे लूम एकदम थांबायचे आणि आमचं कोणाचं तरी अर्धं वाक्य त्या शांततेत उघडं पडायचं. मग आम्ही ओशाळून हळू बोलायचो. आता मी कल्याणात राहते. केस पांढरे व्हायला लागलेत आणि शाळेत पोरं म्हणतात, बाई फार मोठ्यानं बोलतात. कारखाना होता तिथं आता मालाचं गोडाऊन आहे, पण माझा आवाज काही खाली आला नाही.

बाबा त्याच कारखान्यात जॉबर होते, म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारे. गावातले आमचे बहुतेक लोक जमिनीवर जगत होते, पुढं जमीन विकून जगायला लागले. बाबांच्या वाटणीची जमीन भाव येण्याआधीच गेली होती, त्यामुळे ते हत्यारांवर जगले. दुपारी जेवायला यायचे तेव्हा भुवयांवर, मिशीवर, कानाच्या पाळ्यांवर कापसाची रुई बसलेली असायची. मोरीत बसून आधी रॉकेलनं, मग साबणानं हात धुवायचे. तोवर आई तव्यावरची तांदळाची भाकरी उतरवायची. खाडीकडची कोणी बाई आली असेल तर निवट्यांचं, म्हणजे चिखलातल्या माशांचं कालवण, नाहीतर सुकट. निवटे साफ करायचं काम आई माझ्याकडे देत नसे. ते जिवंत असतात, टोपातून उड्या मारतात आणि मी किंचाळायचे. आई मीठ टाकून, टोपावर झाकण दाबून शांतपणे उभी राहायची. बाबा जेवताना बोलत नसत. जेवण झालं की भिंतीला कान लावल्यासारखे बसायचे आणि म्हणायचे, "तिसऱ्याचा पट्टा सैल हाय." मग उठून जायचे.

त्यांच्या गळ्यात काळ्या गोफात चांदीचा त्रिशूळ होता. आमच्या भावकीतल्या पुरुषांच्या गळ्यात एकवीरा आईचा त्रिशूळ असतोच, पण बाबांचा निराळा होता. अंगठ्याएवढा लांब, जाड, कारागिरी काही नाही. बाबांच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती. बाबा जन्मले तेव्हा त्यांच्या आईनं नवस बोलून पायातले तोडे सोनाराला दिले आणि त्याचा हा त्रिशूळ घडवून घेतला. तेव्हापासून, वर्षातला पूजेचा दिवस सोडला तर, तो गळ्यातून उतरला नव्हता. लूममध्ये वाकताना तो गिअरमध्ये लोंबू नये म्हणून बाबा दातांत धरायचे. कारखान्यातले लोक गमतीनं म्हणायचे, बाळाराम तोंडात हत्यार धरून लढाईला चाललाय. मला मात्र लहानपणापासून त्यांचा तोच चेहरा जास्त ओळखीचा होता. मान वाकलेली, डोळे बारीक केलेले आणि ओठांच्या बाहेर चांदीची तीन टोकं.

माझी बारावीची परीक्षा झाली होती, निकाल यायचा होता. एका दुपारी लाईट गेली. बाबा जेवून कारखान्यात परतले होते. एका लूमच्या गिअरमध्ये सूत अडकलं होतं, ते लाईट नसतानाच काढून घ्यावं म्हणून त्यांनी हात घातला. बटण बंद करायचं राहिलं. हे त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं, कोणाकडे बोट दाखवलं नाही. मी आणि आई दारात तांदूळ निवडत होतो. लाईट आली, सगळे लूम एकदम सुरू झाले आणि लगेच एक थांबला. मला कळलं नाही. आईला कळलं. तिनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "एक बंद झाला." आणि ती अनवाणीच धावत सुटली.

उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट अर्ध्यावर गेलं. अनामिका राहिली, पण वळेना. अंगठा आणि करंगळी चांगली होती. दवाखान्यात त्यांचे कपडे माझ्या हातात दिले तेव्हा त्रिशूळही कागदात गुंडाळून दिला. त्याच्या दांड्यावर दातांचे दोन खड्डे पडले होते. चांदीत दात रुतले होते. मी ते आईला दाखवलं नाही, पण तिनं घरी देव्हाऱ्यापुढं ठेवताना पाहिलंच. कपाळाला लावून म्हणाली, "ह्याच्यावर निभावलं." बाबा घरी आल्यावर तिनंच तो परत त्यांच्या गळ्यात घातला. तिच्या हिशेबानं त्रिशूळ तोंडात होता म्हणून जीव वाचला. पुढे जे झालं ते समजायला तिचं हे मानणं लक्षात ठेवायला हवं.

त्यानंतरचे महिने आमच्या घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही, लूम चालू असतानासुद्धा. आम्ही खुणांनी बोलायचो. बाबा डाव्या हातानं जेवत नव्हते, उजव्यानं घास धरता येत नव्हता. आईनं चमचा दिला. तो घेऊन ते आमच्याकडे पाठ करून जेवायचे, आणि घरात लग्नाचं आमंत्रण आलं की त्या दिवशी त्यांना हमखास ताप यायचा. आमच्याकडच्या हळदीला पंगती बसतात, गाव जेवतं. तिथं चमचा घेऊन कसं बसायचं? माझा निकाल आला, मी पास झाले. आईनं साखर वाटली. कॉलेजचं नाव कोणी काढलं नाही, मीही नाही.

बाबांचे मोठे भाऊ काशिनाथकाका दर दोन दिवसांनी यायचे. कशेळीला त्यांची गोडाऊनं होती. गळ्यात सोन्याचा त्रिशूळ, जाड साखळी, अंगात पांढरा सफारी. ते वाईट नव्हते. दवाखान्यात ते रोज आले, रात्री त्यांची मुलं थांबली, काकूनं डबे पाठवले. ते म्हणाले, बाळा, माझ्या गोडाऊनवर वॉचमन हो, खुर्चीत बसायचं, गाड्या मोजायच्या. आईला ते पटलं होतं. बाबा म्हणाले, "बघू." हे "बघू" त्यांनी पावसाळाभर पुरवलं. एकदा काका गेल्यावर ते मला म्हणाले, गोडाऊनमध्ये काही चालत नाही गं, सगळं नुसतं ठेवलेलं असतं. तेवढंच म्हणाले.

दिवाळीच्या आगेमागे कारखान्यात तार भरणारे बनारसकडचे चाचा कायमचे गावी निघाले. तार भरणं म्हणजे काय ते सांगते. लूमला एक फणी असते, पोलादी दातांची, लांबलचक कंगव्यासारखी. कापडातला उभा धागा न् धागा त्या दातांच्या फटींतून ओवून घ्यावा लागतो, तेव्हा लूम चालतो. धाग्याला तिथं तार म्हणतात. फणी लाकडी घोडीवर टांगतात. पुढं एक माणूस बसतो, तो चपटी आकडी फटीतून पलीकडे घालतो. पाठीमागं दुसरा बसतो, तो आकडीवर एकेक तार ठेवतो. पुढचा ओढून घेतो. हजारो वेळा. बसून करायचं काम, नजर आणि धीर लागतो. कारखान्याच्या शेठनी बाबांना विचारलं, करतोस का? फणीचं तुला सगळं माहीत आहे.

बाबा मला घेऊन गेले. पाठीमागं बसायला कोणीतरी हवं होतं आणि आईचं मन नव्हतं. आकडी म्हणजे पोलादाची पातळ पट्टी, टोकाला खाच. ती अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरतात. बाबांची तर्जनी अर्धीच होती. अंगठा आणि करंगळीत धरली, ती फिरली. तर्जनीच्या उरलेल्या खुंटाला सुतळीनं बांधली, ती सरकली. डाव्या हातानं धरली तर फटीत जाईना, दातावर आपटायची. मी पलीकडून तार धरून बसले होते. आकडी खाली पडायची, ते उचलायचे, पुन्हा पडायची. शेवटी त्यांनी ती फणीच्या कडेला नीट ठेवली आणि स्वस्थ बसले. गळ्यातला त्रिशूळ त्यांनी सवयीनं दातांत धरला होता, तो आता हातात घेतला. त्याची बाजूची दोन टोकं त्यांनी खुंटाच्या दोन बाजूंना लावून पाहिली. मधलं टोक फणीच्या दाताला टेकवलं. बराच वेळ ते तसंच धरून पाहत होते. मग मला म्हणाले, "चल."

दुसऱ्या दिवशी आम्ही भिवंडीच्या बाजारात सोनाराकडे गेलो. बाबांनी डाव्या हातानं कॅलेंडरच्या पाठीवर चित्र काढून नेलं होतं. बाजूची दोन टोकं वळवून बोटाला धरेल असं कडं, मधलं टोक ठोकून लांब, पातळ, टोकाला खाच. सोनारानं त्रिशूळ तळहातावर तोलला, दातांच्या खड्ड्यांवरून नख फिरवलं आणि चित्र परत दिलं. म्हणाला, मोडीत द्या, वितळवतो, मग ती नुसती चांदी, तिचं काय हवं ते करून देईन. त्रिशूळ असताना मी त्याच्यावर हातोडा उचलणार नाही, माझ्या दुकानात लक्ष्मी आहे.

"मोडायचा न्हाय," बाबा म्हणाले. "ह्योच पाहिजे."

तेव्हा मला त्यातला फरक कळला नाही. मला वाटलं, वितळवून केलं काय आणि वाकवून केलं काय, आकडीच होणार. आता वाटतं, त्या दोघांचंही देवीवर सारखंच मन होतं, फक्त सोनाराला तिचा त्रिशूळ बिघडवायचा नव्हता आणि बाबांना तो सोडायचा नव्हता.

तिथून आम्ही उस्तादांकडे गेलो. खराद, म्हणजे लेथ चालवणारे, लूमचे सुटे भाग बनवणारे म्हातारे, बाबांची त्यांची जुनी ओळख. त्यांच्या दुकानात तेलाचा आणि तापल्या लोखंडाचा वास असायचा. उस्तादांनी चित्र पाहिलं, बाबांचा हात उलटसुलट करून पाहिला आणि सुताच्या तुकड्यानं खुंटाची जाडी मापली. मग त्रिशूळ हातात घेतला आणि थांबले.

"घर में पूछा है?" त्यांनी विचारलं.

बाबा म्हणाले, "हां."

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. मी खरादाकडे पाहिलं. ते बाबांना म्हणाले, "पूछा नहीं है. ठीक है, वो तुम्हारा मामला. लेकिन चीज़ तुम्हारी माँ की है, पहला हाथ तुम मारो."

बाबांनी डाव्या हातात हातोडा घेतला. ऐरणीवर त्रिशूळ ठेवला होता. त्यांचे ओठ हलले, काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, आणि त्यांनी घाव घातला. तो धड बसला नाही, कडेला लागला. पुढचं काम उस्तादांनी केलं. तापवायचं, ठोकायचं, पुन्हा तापवायचं. चांदी मऊ असते, हे वाकणार नाही का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले की शेवटच्या वेळी ठोकलं की तापवायचं नाही, मार खाऊन चांदी ताठ होते. मधलं टोक पिंपळाच्या पानासारखं पातळ झालं, मग त्याहून पातळ. बाजूची टोकं त्यांनी लोखंडी सळीवर वळवली, आतून घासून गुळगुळीत केली. बारीक करवतीनं खाच पाडली आणि त्यातून एक सुताचा धागा ओढून पाहिला, तुटतो का. दातांचे खड्डे घासू का, असं त्यांनी विचारलं. बाबा नको म्हणाले. मग ते तर्जनीच्या खुंटावर चढवलं. बसलं. बाबांनी हात हवेत पुढं-मागं केला. इतक्या महिन्यांत त्या हाताकडे त्यांनी असं पाहिलं नव्हतं.

आईच्या लक्षात यायला संध्याकाळ झाली नाही. बाबा मोरीत तोंड धुवायला वाकले आणि गळ्यात काहीच हललं नाही. तिनं विचारलं. बाबांनी खिशातून काढून दाखवलं. ती ओरडली नाही. खाली बसली.

"हात गेला, जीव ऱ्हायला, तो कोनामुळं?" ती म्हणाली. "माझं कुंकू होतं त्याच्यात. तुमी त्याला ठोकलात."

बाबांनी आकडी परत खिशात ठेवली. आईचं म्हणणं त्यांनाही खोटं वाटत नव्हतं. त्या दिवसापासून आई त्यांच्याशी बोलायची बंद झाली. जेवायला वाढायची, कपडे धुवायची, औषध द्यायची, पण बोलणं माझ्यामार्फत. त्यांना विचार, कालवण पाहिजे का. तिला सांग, पुरे. दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर बसलेली असायची आणि मध्ये मी तारा जोडत असायचे, इथंही.

कारखान्यातलं आमचं काम मात्र जमत गेलं. सुरुवातीला बाबा फार हळू होते. फटीतून चांदीचं टोक माझ्या बाजूला बाहेर यायचं, मी खाचेत तार ठेवायचे, टोक परत जायचं. पुढची फट, पुढची तार. माझ्या बोटांना चिरा पडल्या, आई रात्री त्यांना खोबरेल लावायची आणि त्यावर काही म्हणायची नाही. तारांच्या पडद्यातून बाबांचा चेहरा दिसायचा. एरवी बापाच्या तोंडाकडे इतका वेळ बघायचा प्रसंग मुलीला येत नाही. त्यांच्या डाव्या भुवईत एक जुना व्रण आहे, विचार करताना ते जीभ गालात धरतात, हे मला तेव्हा कळलं. हळूहळू ते बोलायला लागले. लहानपणी मिठागरात अनवाणी चालून पाय कसे फाटायचे, आईला माहेराहून आणायला गेले तेव्हा होडी गाळात कशी रुतली होती, असलं काहीबाही. मीही ऐकायचे. पण हे गोड होतं असं मी म्हणणार नाही. मला कंटाळा यायचा. दुपारी रस्त्यावरून माझ्या वर्गातल्या मुली कॉलेजातून येताना दिसायच्या, त्या हात करायच्या आणि माझ्या दोन्ही हातांत तारा असायच्या.

चैत्र आला. आमच्या गावातून एकवीरा आईची पालखी निघते, पुरुष खांद्यावरून कार्ल्याला नेतात. पालखी उचलायच्या आधी भावकीतले सगळे पुरुष आपापले त्रिशूळ गळ्यातून काढून तांब्याच्या परातीत ठेवतात. घरातल्या बायका ते दुधानं धुतात, हळद-कुंकू लावतात, मग ज्याचा त्यानं घालायचा आणि खांदा द्यायचा. त्या वर्षी परात काशिनाथकाकांच्या नव्या बंगल्याच्या ओट्यावर मांडली होती. मंडप होता, बेंजो वाजत होता, मागं मटणाची चूल पेटली होती. आम्ही दोघं थेट कारखान्यातून आलो, तारांचा एक बीम भरायचा अर्धा राहिला होता. बाबांच्या अंगावर रुई तशीच. आई आधीच येऊन बायकांत बसली होती.

परातीत सगळे त्रिशूळ पडले होते, बहुतेक सोन्याचे. बाबा पुढं गेले, त्यांनी डाव्या हातानं बोटातली आकडी काढली आणि परातीत ठेवली. बेंजोवाले वाजवतच होते, पण ओट्यावरची माणसं परातीकडे बघायला लागली. काकांनी वाकून ती उचलली.

"ह्या काय हाय?"

"आईनं दिलेला त्रिशूळ," बाबा म्हणाले.

काकांनी ती उलटी केली, वळवलेली टोकं पाहिली, खाच पाहिली. गावात कुजबुज झाली होतीच, पण त्यांनी बहुधा विश्वास ठेवला नव्हता. त्यांचा चेहरा रागावल्यासारखा नव्हता, दुखावल्यासारखा होता. ते म्हणाले, तू बसून खाल्लं असतंस तरी मी तुला बोललो नसतो. आईनं पायातले तोडे मोडले होते, सहा महिने लंकेची पार्वती होऊन फिरली होती. तू त्याची आकडी केलीस, कारखान्यात घासतोस? ह्याला त्रिशूळ म्हणतात? त्यांनी ती परातीत परत ठेवली नाही. ओट्याच्या कडेला, जमिनीवर ठेवली.

बाबा माणसांत फार बोलणारे नव्हते. मला वाटलं, ते उचलून घेतील आणि निघतील. त्यांनी उजवा हात पुढं केला, तो तुटका हात, जो ते महिनोन् महिने खिशात घालून फिरले होते.

"दादा, देवीच्या हातात हाय ते पन हत्यारच हाय," ते म्हणाले. "मना हत्यार पायजे होता. माझ्या आईकडचा एवढाच होता."

काकांनी मान फिरवली आणि पालखीकडे बघायला लागले. तेव्हा आई उठली. पदर खोचला, बायकांतून वाट काढत ओट्याच्या कडेला आली आणि तिनं ती आकडी जमिनीवरून उचलली. मी जागेवरून हललेच नाही. इतके महिने तिनं त्या वस्तूला बोट लावलं नव्हतं. तिनं ती परातीत मधोमध ठेवली, काकूच्या हातातला दुधाचा तांब्या घेतला आणि स्वतःच धार धरली. खाचेत अडकलेला सुताचा एक तुकडा तिनं नखानं काढला. कुंकू लावलं. मग आकडी पदराला पुसून बाबांपुढं धरली आणि सगळ्यांदेखत त्यांच्याशी बोलली, मला मध्ये न घेता.

"घाला. अर्धा बीम तसाच टाकून आलाव ना?"

बाबांनी घातली. खांद्याचं त्यांना कोणी विचारलं नाही. तो मान त्या वर्षी गेला आणि पुढंही काही वर्षं परत आला नाही. पालखी उठली तेव्हा आम्ही तिघं रस्त्याच्या कडेला उभे राहिलो, ती वळणापलीकडे गेल्यावर बाबा कारखान्याकडे वळले. काका आणि बाबा बरीच वर्षं कामापुरतं बोलत. पुढं काकांचं हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात बाबाच बसून होते. त्यावर दोघांत काही बोलणं झालं का, मला माहीत नाही. आमच्याकडे माणसं अशा गोष्टी बोलून मिटवत नाहीत, शेजारी बसून मिटवतात. लोक मला आता विचारतात, तुझे बाबा नास्तिक होते का, बंडखोर होते का. ते दोन्ही नव्हते. कामाला बसताना ते आकडी कपाळाला लावायचे, मग बोटात घालायचे. चांदी झिजायची, खाच बोथट व्हायची, उस्ताद ती पुन्हा घासून द्यायचे, आणि दर वेळी टोक थोडं आखूड व्हायचं. त्याचं त्यांना काही वाटत नसावं.

त्या जूनमध्ये एका सकाळी मी नेहमीसारखी कारखान्यात जायला निघाले, तर बाबा म्हणाले, तू आजपासून येऊ नकोस. मी विचारलं, का, माझं काही चुकलं? ते म्हणाले, कल्याणच्या कॉलेजात ॲडमिशन सुरू झालीत, आईनं चौकशी केलीय. आई चुलीपाशी होती. मी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं, ती खूश असेल किंवा रडेल, पण ती भाकऱ्या बांधत होती आणि घाईत होती. मागं कोण बसणार, मी विचारलं. "मी," ती म्हणाली, जणू हे मला आधीच माहीत असायला हवं होतं.

पहिल्या दिवशी कॉलेजला निघताना मी मुद्दाम कारखान्याच्या बाजूनं गेले. नवा ड्रेस घातला होता. तो त्यांनी बघावा, असंही मनात असेल. तार भरायची खोली कोपऱ्यात होती. दोघं घोडीच्या दोन बाजूंना बसली होती आणि मध्ये पांढऱ्या तारांचा पडदा. आई माझ्यापेक्षा पटापट तार देत होती. बाबा म्हणत होते, सावकाश, माझा हात अजून फटीत आहे. ती म्हणत होती, मग काढा की लवकर, मी काय दिवसभर धरून बसू? दोघंही ओरडून बोलत होती, लूम चालू होते. मी दारात बराच वेळ उभी राहिले. वाऱ्यानं तारा हलल्या, तेव्हा आईनं मान वर न करता हाक दिली.

"दार लाव गं. तारा हलतात."

मी दार लावलं, बाहेरून.